लसणाची सालं

आमच्या शेजारच्या बाई शाळेत शिकवतात. रविवारी सकाळी त्या कागदांची थैली घेऊन आल्या, तेव्हा मला वाटलं मतदार यादीचं काम असेल. शाळेतल्या बायांना सरकार तेच करायला लावतं. मी म्हटलं, "बाई, या घरात एकच नाव उरलं. दुसरं कापा."

त्या खाली बसल्या आणि थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. बायको जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. लोक माझ्याशी बोलायच्या आधी असेच जरा गप्प बसायचे. मला त्याचा कंटाळा आला होता.

"यादीचं नाही, काकाजी," त्या म्हणाल्या. "परदेशातून एक पोट्टा येऊन राहिला. त्याच्यासाठी घर पाहिजे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोळा-सतरा वर्षांची परदेशी मुलं इथे येतात, कोणाच्या तरी घरी काही महिने राहतात, इथल्या शाळेत जातात. आपली मुलंही तशीच तिकडे जातात. घर देणाऱ्याला काही मिळत नाही. ज्यांची समिती हे जुळवून देते त्यांनाही काही मिळत नाही. बाई हे काम कितीतरी वर्षांपासून करत होत्या आणि भिंतीला भिंत लागून असूनही मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ठरवलेलं एक घर ऐन वेळेवर मागे सरलं होतं.

"मी सातवी नापास माणूस," मी म्हटलं. "जिंदगी लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापण्यात गेली. मले इंग्रजी येत नाही. त्याच्यासंग बोलू काय?"

"तुमी आमच्यासंग तरी कुठं बोलता आजकाल?"

बाई तोंडाच्या फटकळ आहेत. मीही आहे, म्हणून आमचं जमतं.

मी हो म्हटलं. काहून म्हटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. घरात भांडं पडलं तरी ते माझ्याच हातून पडायचं. दुसऱ्या कोणाच्या हातून एखादं पडावं, असं वाटत होतं. एवढंच.

पोरगी खापरखेड्याला असते. जावई वीज केंद्रात नोकरीला आहेत, तिथल्या कॉलनीत क्वार्टर आहे. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, की घराला कुलूप लावा आणि इकडे या. फोनवर तिला सांगितलं, तर ती आधी हसली, मग चिडली.

"बाबा, बह्याडपणा सुचून राहिला का तुमाले? तुमाले सोताची पोळी लाटता येत नाही."

"येते."

"पापड येते तुमाले. पोळी नाही."

शेवटी तिने अट घातली. पोट्टा टिकला तर ठीक. तो निघून गेला, तर मी कुलूप लावून खापरखेड्याला यायचं, मग नाटकं चालणार नाहीत. मी मंजूर म्हटलं. पोरगी वाईट नाही. पण तिच्याकडे गेलो की टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवते आणि चहाचा कपही विसळू देत नाही. दोन दिवसांत माझं अंग जड होतं. उरलेली सगळी वर्षं त्या खुर्चीत काढायची म्हटलं, की मला झोप लागत नसे.

समितीचे दोघं-तिघं येऊन घर पाहून गेले. संडास पाहिला, पंखा पाहिला, पोराच्या खोलीला आतून कडी आहे का ते पाहिलं. पोलीस ठाण्यात कागद द्यावे लागले. मग बाईंनी एक नियमांचा कागद वाचून दाखवला. त्यात एक नियम होता, की मुलाला पाहुणा समजू नका, घरातली कामं त्यालाही सांगा. मी हसलो. म्हटलं, "लोकाचं लेकरू सात समुद्र ओलांडून येईन आन् मी त्याले भांडे घासाले लावू? लोक तोंडात शेण घालतीन माह्या."

"नियम आहे, काकाजी."

"नियम कागदावर राहू द्या."

त्याच्यासाठी मी बायकोची खाट काढली. गादी उन्हात टाकायला उचलली, तर खाली मूठभर लसणाची सालं निघाली. सुकून कागदासारखी झालेली. मला वाटलं उंदराने आणून ठेवली. झाडून केरात टाकली.

पोरगा आला. फिनलंड म्हणून देश आहे. बाईंनी नकाशात दाखवला. पार वर, जिथे नकाशा संपतो तिथे. पोरगा इतका उंच, की पहिल्याच दिवशी माझ्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. चौकट मी स्वतः बसवली होती, माझ्या मापाने. पण उंबरठ्यावर त्याने न सांगता बूट काढले, ते मला आवडलं. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही घरात बूट घालत नाहीत.

बाईंनी त्याला आजोबांसाठी 'आबाजी' हा शब्द शिकवून आणला होता. तो तेवढंच बोलला आणि गप्प बसला. पुढचे पंधरा दिवसही तो जवळपास गप्पच होता. फोनमध्ये बोलला की फोन मराठीत सांगायचा, पण ते पुस्तकातलं मराठी. मी फोनला काही सांगितलं, की फोन भलतंच बोलायचा आणि दोघंही नाद सोडून द्यायचो.

मी त्याची बडदास्त ठेवली. नवीन स्टीलचं ताट आणलं. कूलर माझ्या खोलीतून काढून त्याच्या खोलीत लावला. सकाळी तर्री-पोहे कोपऱ्यावरून, पोळ्या गल्लीतल्या एका बाईकडून, वरण-भात-भाजी माझ्या हातची. त्याचं ताट रिकामं झालं, की मी वाढायचो. तो परत रिकामं करायचा, मी परत वाढायचो. मला वाटायचं, पोराला माझ्या हातची चव लागली. नंतर कळलं, की त्यांच्याकडे ताटात उरवणं वाईट समजतात, आणि हा म्हातारा थांबतच नाही म्हणून तो बिचारा घशाखाली लोटत होता. चौथ्या दिवशी त्याचं पोट बिघडलं. मग मी दही-भात सुरू केला. तोही तसाच वाढायचो.

जेवण झालं, की तो ताट घेऊन मोरीकडे निघायचा. मी हातातून काढून घ्यायचो. झाडू उचलला की झाडू घ्यायचो. पाण्याची बादली उचलली की बादली. मागे माझं टिनाचं शेड आहे, कामावरून सुटल्यावर मी तिथे छोटी-मोठी सुतारकी करायचो. बायको गेल्यापासून त्यात गेलो नव्हतो. एका संध्याकाळी पाहतो, तर पोरगा तिथे उभा, फळीवरचा रंधा हातात घेऊन त्याच्या पात्यावरची धूळ पुसून राहिला. मी धावलो. "हात कापन ना, बाबू!" माझ्या डाव्या हाताचं एक बोट आरामशीनने अर्धं नेलं, ते त्याला दाखवलं आणि रंधा घेऊन वर ठेवला. त्याने हात मागे घेतला. त्यानंतर त्याने माझ्या घरात कशालाच हात लावला नाही. शाळेतून यायचा, खुर्चीत बसायचा, हात मांडीवर ठेवून.

गल्लीतल्या बाया पाहायला यायच्या. म्हणायच्या, "काकाजी, केवढं गुणी पोट्टं हो! जराही आवाज नाही." मी खूश.

मग एका गुरुवारी बाई एकट्याच आल्या. पोरगा शाळेत होता.

"काकाजी, रागावू नका. त्यानं घर बदलून मागितलं. रामदासपेठेत एक घर तयार आहे. रविवारी मी त्याले घेऊन जाईन."

रामदासपेठ म्हटलं, की मला आधी दवाखानाच दिसतो. बायकोला घेऊन चार महिने मी तिथल्याच चकरा मारल्या. आता पोरगाही तिथेच चालला.

"काय कमी केलं मी?" मी म्हटलं. आवाज जरा चढला. "मी उकाड्यात झोपतो, त्याले कूलर देल्ला. त्याच्या ताटाले हात लावू देल्ला नाही. आनखी काय पाहिजे त्याले? तथी एसी असन म्हणून चालला का?"

"कमी नाही केलं. भल्लं जास्त केलं." बाईंनी चष्मा काढला. "तो काय म्हणाला सांगू? म्हणाला, आबाजी चांगले आहेत. पण त्यांना मी इथं नको आहे. मी ज्याले हात लावतो, ते काढून घेतात. त्या घरात मले काही कामच नाही. दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत बसतात ना, तसं मी रोज बसतो म्हणे."

बाईंनी चष्मा परत लावला आणि त्या गेल्या.

मी त्याच खुर्चीत बसलो, ज्यात पोरगा बसायचा. समोर स्वयंपाकाची जागा दिसते. आणि मला एकदम आठवलं, की ही खुर्ची तिथे मीच ठेवली होती. बायकोसाठी.

तिचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, दगदग नको. मी ऐकलं, काम नको. चाळीस वर्षं जी बाई पहाटेपासून खपली, तिच्या हातातून मी एक-एक वस्तू काढून घेतली. सूप घेतलं. लाटणं घेतलं. पोळ्यांचा डबा लावला. ती भाजी निवडायला बसली, की मी म्हणायचो, "ठेव वं, मी करतो." ते मला जमायचं नाही, तरी करायचो. शेजारीपाजारी म्हणायचे, नवरा असावा तर असा. मीही मनात म्हणायचो.

एकदा ती म्हणाली, "मले घरातच पाहुणी करून टाकलं तुमी."

"आराम कर म्हणतो, तर त्यात वाईट काय?"

"मी आहो ना अजून," ती म्हणाली. "मेली नाही."

मला राग आला होता. इतकं करतो आणि ही असं बोलते. मी त्या दिवशी जेवलो नाही. ती त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राहिली. अगदी तशीच.

आणि मग लसणाची सालं आठवली. उंदीर काय लसूण खातो? दुपारी मी कामासाठी बाहेर पडलो किंवा माझा डोळा लागला, की ती खाटेवर बसून चोरून लसूण सोलायची. सालं गादीखाली घालायची. लसणाच्या डबीत सोललेला लसूण दिसला, तर मला वाटायचं शेजारच्या बाई सोलून देऊन गेल्या. मी एकदाही विचारलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यापासून लपून तिला लसूण सोलावा लागला. आणि तीच सालं मी झाडून केरात टाकली.

दिवेलागणीपर्यंत मी तिथेच बसलो होतो. पोरगा शाळेतून आला, बूट काढले, मला त्याच्या खुर्चीत पाहून दारातच थांबला. त्याला वाटलं असेल, आता म्हातारा बोलणार. मलाही बोलायचं होतं. माफी मागायची मला सवय नाही. बायकोची कधी मागितली नाही. फोनमध्ये बोलून तर अजिबात होणार नव्हतं.

मी उठलो. परडीत लसूण होता, तो आणला. दोन पाट मांडले. एका पाटावर मी बसलो, दुसऱ्याकडे बोट दाखवलं. परडी मध्ये ठेवली.

"सोल," मी म्हटलं.

हा शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता. पण तो बसला. एवढा लांब माणूस पाटावर कसा बसतो, ते पाहण्यासारखं होतं. गुडघे कानाशी. त्याने एक कांडी घेतली, फोडली, पाकळीचं साल काढायला लागला. काही येत नव्हतं त्याला. नखं खुपसत होता. मलाही फार येत नाही. आम्ही दोघांनी मिळून एका भाजीच्या लसणाला अर्धा तास लावला. तो बोलला नाही, मी बोललो नाही. पण आज तो गप्प बसला होता, ते वेगळं होतं. हात चालू असताना माणूस गप्प बसतो, ते तसं नसतं.

जेवण झाल्यावर तो ताट घेऊन उठला. माझा हात सवयीने पुढे गेला. मी तो दुसऱ्या हाताने धरला. पोराने पाहिलं आणि पहिल्यांदा हसला. मग माझंही ताट उचलून घेऊन गेला. मोरीत एक वाटी हातातून निसटली, टणकन वाजली. मी आतूनच म्हटलं, "पडू दे, पडू दे."

दुसऱ्या दिवशी मी शेड उघडलं. पोळा जवळ आला होता. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघरी फिरतात आणि लोक त्यांना खाऊ देतात. दरवर्षी मी आरामशीनच्या उरल्यासुरल्या सागवानाचे चार-पाच बैल बनवून गल्लीतल्या पोरांना द्यायचो. झुली बायको शिवायची. मागच्या वर्षी बनवले नाहीत. यंदाही मनात नव्हतं.

मी लाकूड निवडलं आणि रंधा काढून त्याच्या हातात दिला. माझं अर्धं बोट त्याला परत दाखवलं, म्हणजे ध्यानात राहावं. गरज नव्हती. पोट्ट्याने लाकूड उलटंपालटं करून रेघा पाहिल्या आणि बरोबर रेघांच्या दिशेने रंधा मारला. अशी पातळ छिलकी निघाली, की उजेडाला धरली तर पलीकडचं दिसावं. फोनने सांगितलं, की त्यांच्या शाळेत सगळ्यांना लाकूडकाम शिकवतात, आणि त्याच्या आजोबांची झोपडी जंगलात आहे, तिथे तो त्यांच्या हाताखाली लाकूड तासतो. मी म्हटलं, "मंग इतके दिवस बोलला काहून नाहीस, भैताडा?" फोनने याचं काय केलं कोण जाणे. पोरगा खूप हसला.

रविवारी बाई गाडी घेऊन आल्या. मी पोराची बॅग त्याला भरायला सांगितली नव्हती आणि नको भरू असंही म्हटलं नव्हतं. ते माझ्या हातात नव्हतं. त्याचं बोलणं रास्त होतं, आणि रामदासपेठेतलं घरही चांगलंच असणार. मी शेडच्या दारात उभा राहिलो. बाई आत गेल्या. तो भुशाने भरलेला, मांडीवर बैल धरून काचपेपर मारत होता. दोघं इंग्रजीत बोलले. मला ते बोलणं फार लांबल्यासारखं वाटलं.

बाई बाहेर आल्या. "तो म्हणतो, दोन बैलांचे पाय राहिले. ते झाल्याशिवाय नाही येत."

"मंग? झाल्यावर?"

"झाल्यावर तुमीच विचारा त्याले. मी काय रोज गाडी घेऊन येऊ?"

मी विचारलं नाही. बैलांचे पाय झाले, चाकं झाली, तान्हा पोळा झाला. झुली नव्हत्या, तर त्याने स्वतःच्या एका जुन्या निळ्या शर्टाच्या कापून दिल्या. गल्लीतली पोरं निळ्या झुलीचे बैल घेऊन फिरली. बॅग तशीच खाटेखाली राहिली.

दिवाळीत पोरगी आली, तेव्हा तो मोरीत भांडी घासत होता. ती माझ्यावर तुटून पडली. "बाबा, लाज नाही वाटत? परदेशी लेकराकून भांडे घासून घेता?"

तो साबणाच्या हाताने बाहेर आला. "ताई," तो म्हणाला, "हे माह्यं काम होय."

पोरगी आधी त्याच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. कुलपाची गोष्ट तिने त्यानंतर काढली नाही.

थंडी पडायला लागली तेव्हा त्याची पाळी संपली. नियमाने पुढचे महिने दुसऱ्या घरी राहायचे असतात, तसा तो गेला. जाताना रडला नाही, मीही नाही. चौकटीला मात्र त्याचं कपाळ परत लागलं. घर काही दिवस फार मोठं वाटलं. खोटं सांगत नाही, बायको गेल्यावर वाटलं होतं तेवढं नाही, पण त्याच जातीचं.

आता समितीच्या कामाला मी बाईंसोबत जातो. नवीन घरं पाहायला. कागद त्या वाचतात. पाहुण्याचा नियम आला, की तो मी सांगतो, आणि माझ्या पद्धतीने सांगतो. लोक हसतात. मीही हसलो होतो, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. पण मी सोडतही नाही.

परवा खापरखेड्याला गेलो होतो. पोरीने नेहमीप्रमाणे टीव्हीसमोरची खुर्ची ओढली.

"खुर्ची राहू दे," मी म्हटलं. "लसूण आहे का घरात?"

"काहून? बसा ना आरामानं."

"बसूनच सोलतो."

तिने खुर्ची मागे सारली. मग परडी घेऊन आली, पाट दिला आणि स्वतःही समोर बसली. तिने पाकळी घेतली, आधी अंगठ्याखाली दाबली, कट्ट करून वाजली आणि साल आपोआप सुटून आलं. नखं लावावीच लागली नाहीत.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"आईनं," ती म्हणाली. "कोण शिकवणार?"

मी म्हटलं, "मले दाखव."